बोरन्हाणासाठी पतंगाच्या कागदातले पॉपकॉर्न: लाह्या गुलाबी झाल्या, आता काय करू?

सूरसागर_काठ (१६ जानेवारी, रात्री ९:४०)

मंडळी, मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे.

पुढच्या शनिवारी, २४ तारखेला, आमच्याकडे हळदीकुंकू आणि पुतण्याचं बोरन्हाण एकत्रच आहे. चाळीस बायका आणि वीसेक पोरं. सासूबाईंनी आधीच बजावलंय, यंदा वाण म्हणून प्लास्टिक नको आणि डबे-चाळण्याही आणायच्या नाहीत, घरात वाणात आलेल्या सतरा चाळण्या आहेत आणि त्यातली एकही धड वापरात नाही.

उत्तरायणाचे दोन दिवस अगाशीवर पतंगांचा खच पडला होता. बडोद्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. फाटके, अर्धे, गुंत्यात अडकलेले. ते गोळा करताना डोक्यात आलं की याच कागदाचे कोन करावेत, कडेला झिरमिळ्या, वर हलव्याचा एक दाणा चिकटवावा आणि आत घरी फोडलेले पॉपकॉर्न भरावेत. मांजा सगळा काढून कात्रीने बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकला, पक्ष्यांच्या पायात जायला नको.

आज एक कोन करून बघितला. दिसायला इतका सुंदर झाला की जाऊबाईंनी तिघींना फोटो पाठवला. तासाभराने बघते तर कोन खालून तुपकट, तळाच्या लाह्या गुलाबी आणि सगळ्याच सादळलेल्या. नवऱ्याने तरीही खाल्ल्या आणि जीभ दाखवत घरभर फिरला.

कागद बदलू, तूप बदलू की बेतच बदलू? साठ नग करायचे आहेत.

कापला_रे (१६ जानेवारी, रात्री ९:५२)

नवऱ्याच्या जिभेचा फोटो टाका.

मांजलपूरकर (१६ जानेवारी, रात्री १०:१५)

पतंगाचा कागद खाण्याला लागता कामा नये. तो रंग पक्का नसतो. पावसात भिजलेला पतंग पत्र्यावर कसा डाग सोडतो ते आठवा. लाह्या गरम भरल्यात ना? त्यांच्यातून वाफ निघते. त्या वाफेने रंग सुटला आणि तुपाने तो आत ओढला.

वर्तमानपत्राचं अस्तर लावू नका, ते आधीच सांगतो, कारण पुढचा कोणीतरी तेच सुचवणार. छपाईची शाई खाण्यात उतरते म्हणून अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे. रावपुऱ्यात कुठल्याही बेकरी-सामानाच्या दुकानात बटर पेपर मिळेल, तो आत घाला. पतंग बाहेरून, शोभेपुरता.

पोळीभाजी (१६ जानेवारी, रात्री १०:३१)

वर्तमानपत्रच सुचवणार होते. 🙈

मग जिलेटीन पेपर? पारदर्शक असतो, लाह्या दिसतील, वर पतंगाची पट्टी.

मांजलपूरकर (१६ जानेवारी, रात्री १०:४०)

आता त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक प्लास्टिकच असतं. मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, शोभेचं थर्माकोलसुद्धा त्याच यादीत. शिवाय सूरसागर_काठ यांच्या सासूबाईंनी प्लास्टिक नको म्हटलंय. सासूबाई आणि सरकार दोघं एका बाजूला असताना वाद घालू नये.

आजी_ऑनलाइन (१७ जानेवारी, सकाळी ५:५०)

अगं मुली, तूप घालतेसच कशाला?

आमच्या लहानपणी दांडिया बाजारच्या वाड्यात लाह्या घरी फोडत नसत. भडभुंज्याकडे दाणे घेऊन जायचं, तो मोठ्या कढईत तापलेल्या वाळूत फोडून द्यायचा आणि चाळून परत हातात. वाळू तापली की दाण्याला चहूबाजूंनी सारखी आच लागते. खाली करपलं आणि वर कच्चं राहिलं असं होत नाही. तेलाचा थेंब नाही, कागदाला डाग नाही. होळीला लागायची ती जोंधळ्याची धाणीपण तशीच.

आता वाळू कुठून आणणार, तर मीठ घे. जुनी लोखंडी कढई, त्यात किलोभर साधं बारीक मीठ. खडेमीठ नको, ते तडतडून अंगावर उडतं. मीठ कोरडं होऊन चांगलं तापेपर्यंत हलवत राहा. मग मूठभर दाणे टाक, हलव, फुटायला लागले की झाकण अर्धवट ठेव. थांबले की लगेच चाळ. चाळणी घरात असेलच. तेच मीठ परत परत वापरता येतं.

सूरसागर_काठ (१७ जानेवारी, सकाळी ७:१०)

आजी!!! सतरा आहेत!!!

अंकगणित (१७ जानेवारी, सकाळी ११:०५)

नुसत्या पतंगाच्या कागदाचा कोन उभाच राहणार नाही, तो मुळातच लेचापेचा आहे. मधे जाड थर हवा. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे राहवलं नाही.

साधा चार्ट पेपर घ्या, २२ बाय २८ इंची. सेंटिमीटरमध्ये ५६ बाय ७१. त्यावर १७.५ सेंमी बाजूचे चौकोन आखले तर तीन गुणिले चार, बारा बसतात आणि कागद जवळजवळ वाया जात नाही. प्रत्येक चौकोनात १७.५ सेंमी त्रिज्येचा पाव वर्तुळाकार कापा. कंपास नसेल तर पेन्सिलीला दोरा बांधून टोक कोपऱ्यात धरा. चिकटवायला दीड सेंमी सोडून गुंडाळलं की तोंड सव्वाआठ सेंमी, खोली १७ सेंमी आणि आत बसतं साधारण ३०० मिली. म्हणजे मोठा पेलाभर. साठ कोनांना पाच चार्ट पेपर आणि १८ लिटर लाह्या.

आता दाणे. घरी १०० ग्रॅम दाण्यांच्या साधारण साडेतीन लिटर लाह्या होतात. तर ५१५ ग्रॅम लागतील. गणंग (न फुटलेले दाणे), चव बघणारे आणि जिभा दाखवणारे नवरे धरून ७०० ग्रॅम घ्या.

कापला_रे (१७ जानेवारी, सकाळी ११:२०)

सर, तुम्ही नवऱ्यासाठी १८५ ग्रॅम धरलेत. म्हणजे साडेसहा लिटर लाह्या. 😂

गणंग_दाणा (१७ जानेवारी, दुपारी १:४५)

माझा आयडी बघून कोणीतरी बोलणारच होतं, तर मीच बोलतो. गणंग का राहतात ते सांगतो.

पॉपकॉर्नचा मका वेगळाच असतो. त्याचं टरफल कडक आणि अभेद्य, आत पिठूळ गर आणि त्यात साधारण १३-१४ टक्के पाणी. १८० अंशांच्या आसपास त्या पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या नऊपट होतो, टरफल फाटतं आणि गर उलटा बाहेर फुगतो. टरफलाला चीर असेल तर वाफ निसटते. दाणा जुना होऊन वाळला असेल तर वाफच पुरत नाही. दोन्हीकडे गणंग.

दाहोदकडच्या एका मित्राने मला घरच्या शेतातला मका दिला होता, रोटल्याचा. तिकडे आणि पंचमहालात मका भरपूर होतो. मी हौसेने कढईत टाकला. भाजला गेला, तडकला, दोन-चार जरासे फुगले, बस. दातांचं काम झालं असतं. तेव्हा दुकानात 'पॉपकॉर्नचा मका' असं सांगूनच घ्या.

घरात जुनं पाकीट असेल तर फेकू नका. तीन वाट्या दाण्यांना एक मोठा चमचा पाणी, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून हलवा, दोन-तीन दिवस ठेवा, अधूनमधून परत हलवा. पाणी आत मुरतं आणि दाणे पुन्हा फुटायला लागतात. आज शनिवार आहे, तुम्हाला वेळ आहे. दाणे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे ते अजून वाळतात.

खवय्या_अलकापुरी (१७ जानेवारी, दुपारी ३:३०)

मिठात फोडलेल्या लाह्या म्हणजे कोरड्या ठक्क. त्यांना मसाला चिकटत नाही, सगळा तळाला बसतो. बडोद्यात राहून पोरांना बिनमसाल्याचं काही देणार? इथे सकाळी सकाळी सेव-उसळीवर तर्री मागणारी माणसं आहेत.

पोळीभाजी (१७ जानेवारी, दुपारी ३:५०)

संक्रांत आहे तर तिळगूळ पॉपकॉर्न करा ना. चिक्कीच्या गुळाचा पाक, थेंब पाण्यात टाकला की टणकन तुटला पाहिजे. गॅस बंद करून चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा, पाक फेसाळतो आणि लाह्यांवर पातळ बसतो. भाजलेले तीळ घालून भराभर ढवळायचं. मग ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर पाऊण तास, दर पंधरा मिनिटांनी खालीवर करायचं. कुरकुरीत होतं. ओव्हन नसेल तर त्या दिवशीच संपवायचं, गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि चिकट होतो.

वाड्यातली_सून (१७ जानेवारी, संध्याकाळी ६:२०)

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. हळदीकुंकवाला पॉपकॉर्न? सिनेमाला आलोत का? वाण म्हणजे घरात टिकणारी वस्तू असावी. खाऊन कागद फेकला की संपलं.

आजी_ऑनलाइन (१८ जानेवारी, सकाळी ५:४०)

लग्नात लाजाहोम होतो तेव्हा नवरीच्या ओंजळीत काय घालतात गं? लाह्याच ना. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या-बत्तासे, नागपंचमीला जोंधळ्याच्या लाह्या. मक्याच्या लाह्यांनी काय पाप केलं? नाव इंग्रजी पडलं एवढंच. आणि बोरन्हाणात पोराच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओततो ते काय घरात टिकतात? दुसऱ्या दिवशी झाडूत.

टिकणाऱ्या वस्तूंच्या सतरा चाळण्या झाल्यात त्या घरात.

वाड्यातली_सून (१८ जानेवारी, सकाळी ८:१५)

बरं आजी, लाजाहोमापुढे मी गप्प. पण सवाष्णीच्या हातात काहीतरी टिकाऊ पडावं असं मला अजूनही वाटतं. कोनावर एक काचेची बांगडी अडकवा. खालून टोकातून सरकवली की वर जाऊन बसेल.

अंकगणित (१८ जानेवारी, सकाळी ८:४०)

बसणार नाही, पडेल. टोक खाली, तोंड वर. बांगडी खालून घातली तर खालूनच निसटणार.

पण बांगडी चांगली आहे. तोंडाशी समोरासमोर दोन भोकं पाडा, रंगीत दोरा ओवा आणि तो बांगडीतून घ्या. बांगडी हीच कोनाची मूठ. मनगटात अडकवून घरी नेता येईल.

वाड्यातली_सून (१८ जानेवारी, सकाळी ८:४४)

हे मला सुचायला हवं होतं.

बालरोग_बडोदे (१८ जानेवारी, रात्री १०:५०)

सगळ्यांचा उत्साह बघून लिहायला जीवावर येतंय, पण माझ्या पेशाने गप्प बसवत नाही.

बोरन्हाण एक ते पाच वर्षांच्या मुलांचं. म्हणजे पाहुण्यांत त्याच वयाची पोरं असणार. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नका. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, चावणं जमत नाही, त्यात ती खाता खाता पळतात आणि हसतात. लाहीचा तुकडा किंवा गणंग श्वासनलिकेत गेला की आमच्याकडे धावपळ. एक्स-रेमध्येही बहुतेक वेळा तो दिसत नाही. हेच बोरांच्या बियांना, शेंगदाण्यांना आणि हरभऱ्यांना लागू. डोक्यावर ओता, मजा करा, पण पोरं खालून उचलून तोंडात घालतात तिकडे एक मोठं माणूस बसवा.

दुसरं. कोन चिकटवायला स्टेपलर वापरू नका. एक पिन लाह्यांत पडली तर शोधणार कोण?

सूरसागर_काठ (१८ जानेवारी, रात्री ११:३०)

बापरे. डॉक्टर, आमचा पुतण्याच दोन वर्षांचा आहे. म्हणजे ज्याचं बोरन्हाण त्यालाच नाही! बरं झालं लिहिलंत. यादी काढली, चार वर्षांखालची आठ आहेत. त्यांना उरलेल्या पतंगांची भिरभिरी करून देते. कमानीच्या काड्या आहेतच.

बालरोग_बडोदे (१८ जानेवारी, रात्री ११:३४)

भिरभिरं काडीला कशाने लावणार? टाचणी?

सूरसागर_काठ (१८ जानेवारी, रात्री ११:३६)

…कागदी मुकुट देते.

रद्दी_कला (१९ जानेवारी, दुपारी १२:१०)

चिकटवण्याबद्दल. कागद पातळ असल्याने बाजारच्या पातळ गोंदाने सुरकुततो आणि रंग सुटतो. मैद्याची घट्ट खळ करा. दोन चमचे मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, वाटीभर उकळत्या पाण्यात ओतून चमकदार होईपर्यंत शिजवायचा, पूर्ण गार करायचा. बोटाने अगदी पातळ फासायची, कागदाला नाही तर चार्टला. मग पतंगाचा कागद वर अलगद टेकवून कोरड्या फडक्याने मधून बाहेर दाबत जायचं. चार्ट सपाट असतानाच हे करा, कोन नंतर वळवा.

जुनी माणसं कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची. पुस्तकबांधणीला ठीक, इथे अजिबात नको, ते विष आहे.

झिरमिळ्यांसाठी कागदाच्या पाच-सहा घड्या एकावर एक ठेवून एकदम कापा, वरची बोटभर पट्टी अखंड सोडून. मग एकेक पट्टी सुटी करून पेन्सिलीवर गुंडाळून सोडली की कुरळी होते. पतंगावर चांद-तारे चिकटवलेले असतात ते फेकू नका, कोनाच्या पोटावर तेच सगळ्यात छान दिसतात.

कापला_रे (१९ जानेवारी, दुपारी १२:३०)

आमच्या अगाशीवरचे ४० पतंग न्या. तुमच्याच पेचात कापलेले असतील बहुतेक.

मांजलपूरकर (२१ जानेवारी, रात्री ९:००)

काय झालं? कुठवर आलं? आणि लक्षात ठेवा, कोन आत्ता करून ठेवा, पण लाह्या शनिवारी दुपारीच फोडा. पंख्याखाली पंचावर पसरून अर्धा तास पूर्ण गार करा, मग हवाबंद डब्यात. कोनात भरायच्या ते पहिली बाई दारात दिसल्यावर. कागदात लाही तासा-दोन तासांपलीकडे कुरकुरीत राहात नाही. तरीही सादळल्याच तर कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटं हलवा.

सूरसागर_काठ (२१ जानेवारी, रात्री ११:१५)

बावन्न कोन तयार! तिघी जावा-नणंदा, दोन रात्री. पहिल्या रात्री फक्त आठ झाले कारण खळ गरम असतानाच लावली आणि जांभळा रंग सगळ्यांच्या हातांवर. दुसऱ्या रात्री हात बसला. बटर पेपरचे चौकोन आत नुसते सरकवलेत, वर दोन बोटं बाहेर काढून, म्हणजे लाही रंगीत कडेलाही लागत नाही.

एक अडचण आहे, कोन ठेवायचे कसे? आडवे ठेवले की लवंडतात.

आजी_ऑनलाइन (२२ जानेवारी, सकाळी ५:४५)

परातीत गहू भर आणि टोकं त्यात खोच. संक्रांतीच्या दिवसांत धान्याची परात समोर असलेली शोभते पण.

सूरसागर_काठ (२५ जानेवारी, दुपारी ४:२०)

झालं एकदाचं! काल मेलेच होते, आज लिहिते.

मिठातल्या लाह्या भारी झाल्या. दीरांनी कढई धरली, सासूबाईंनी चाळण्या. हो, स्वतः. दोन चाळण्या लागल्या, पहिली मोठ्या भोकांची म्हणजे मीठ आणि गणंग खाली, दुसरी बारीक म्हणजे मीठ खाली आणि गणंग वर. मीठ परत कढईत. पहिला घाणा करपला कारण मीठ जास्त तापलं होतं, दुसऱ्यापासून जमलं. लाहीला अंगचाच खारटपणा येतो, वरून काही लागत नाही. तरी खवय्या_अलकापुरी यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी एका पातेल्यात थोडं तूप, तिखट आणि जिऱ्याची पूड घालून वेगळ्या केल्या आणि वाटीत ठेवल्या. त्या आधी संपल्या.

तिळगूळ पॉपकॉर्न फक्त बायकांच्या कोनांत, वर दोन-तीन ढेकळं. पाक थोडा पुढे गेला होता, एका काकूंची दाढ हलली म्हणतात, पण ती आधीच हलत होती.

बांगडीच्या मुठीचं सगळ्यांनी कौतुक केलं. वाड्यातली_सून, तुमचं नाव सांगितलं, म्हणजे आयडी सांगितला, आणि सगळ्या हसल्या. दोन बांगड्या गाठ सैल राहिल्याने फुटल्या. दोरा दुहेरी घ्यायला हवा होता.

डॉक्टर, पुतण्याला मुकुट घातला, त्याने तो दोन मिनिटांत फाडून झिरमिळ्या चावायला सुरुवात केली. रंगीत तोंड. सासूबाईंनी पदराने पुसलं आणि नवऱ्याने परत जीभ काढून दाखवली. लाही मात्र एकाही लहानग्याच्या तोंडात गेली नाही, आत्याबाई काठी घेतल्यासारख्या चटईच्या टोकाला बसल्या होत्या.

नऊ कोन उरले. ते आज सकाळी वाटेतल्या वॉचमनदादांना आणि भाजीवाल्या मावशींना दिले.

रद्दी_कला (२५ जानेवारी, संध्याकाळी ५:००)

फोटो?

सूरसागर_काठ (२५ जानेवारी, संध्याकाळी ५:०८)

टाकते रात्री. आत्ता शेजारच्या बंगल्यातून हळदीकुंकू घेऊन आले. वाण काय मिळालं असेल ओळखा.

आजी_ऑनलाइन (२५ जानेवारी, संध्याकाळी ५:१५)

चाळणी.

सूरसागर_काठ (२५ जानेवारी, संध्याकाळी ५:१६)

अठरावी. पण भोकं मधल्या मापाची आहेत आजी. आमच्याकडे तेवढीच नव्हती.